नॅव्हिगेटरच्या वहीत अडकलेलं शहाणपण

तोंडाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, टाके निघाले, पेशंट घरी गेला. पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला आणि रेडिएशन लागणार असं ठरलं. घड्याळ मात्र ऑपरेशनच्या दिवसापासूनच सुरू झालेलं असतं. सहा आठवड्यांच्या, म्हणजे ४२ दिवसांच्या आत रेडिएशन सुरू व्हायला हवं असतं. आता उलटे दिवस मोजा. चेहऱ्याचा मुखवटा बनवणं, प्लॅनिंगचं सीटी, डॉक्टर आणि फिजिसिस्टची (रेडिएशनचा डोस मोजून ठरवणाऱ्या तज्ज्ञाची) आखणी यात आठवडा ते दहा दिवस सहज जातात. किडलेले दात काढायचे असतील तर जखम भरायला साधारण दोन आठवडे द्यावे लागतात, कारण रेडिएशन घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर तिथलं हाड मरण्याचा धोका असतो. ४२ मधून १० गेले, १४ गेले, उरले १८. म्हणजे ऑपरेशननंतर अठराव्या दिवसापर्यंत दात निघालेले हवेत. दंतवैद्याची अपॉइंटमेंट पंचविसाव्या दिवसाची मिळाली की गणित तिथेच कोसळतं. उपाय साधा आहे. दातांची तपासणी ऑपरेशनच्या आधीच उरकायची आणि काढायचे दात शक्यतो त्याच भुलीखाली काढून घ्यायचे.

जुन्या पेशंट नॅव्हिगेटरला, म्हणजे पेशंटला तपासणीपासून उपचारापर्यंत वाट दाखवणाऱ्या आणि वाटेतले अडथळे दूर करणाऱ्या व्यक्तीला, हे तोंडपाठ असतं. पाच-सहा पेशंटांचा उशीर डोळ्यांदेखत पाहून ती हे शिकलेली असते. दुसऱ्या हॉस्पिटलात नव्याने रुजू झालेली नॅव्हिगेटर हेच पुन्हा शिकणार आहे, तेही तिच्या वाट्याच्या पाच-सहा पेशंटांचा उशीर पाहूनच. पहिलीची नोकरी सुटली तर तिची वही कपाटात राहते, फोनमधले नंबर तिच्याबरोबर जातात आणि तिच्याच हॉस्पिटलात शिकणं पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरू होतं. या शिकण्याची फी पेशंट भरतात.

म्हणून नॅव्हिगेटरांच्या व्यावसायिक नेटवर्कमध्ये भाग घेणं हा फावल्या वेळचा उपक्रम नाही, तो कामाचाच भाग आहे आणि तो कामाच्या वेळेतच व्हायला हवा, असं आमचं ठाम म्हणणं आहे. दुसरं म्हणणं नॅव्हिगेटरांना जरा टोचेल. व्याख्यानं ऐकणं आणि प्रमाणपत्रं जमवणं म्हणजे भाग घेणं नव्हे. आपल्याकडे पेशंट कुठे अडतात, किती दिवस अडतात आणि कशाने सुटतात याची मोजलेली नोंद घेऊन जो येतो, तो खरा सदस्य. बाकीचे श्रोते. श्रोत्यांचं नेटवर्क फार दिवस टिकत नाही.

या कामाची सुरुवातच मोजण्यातून झाली आहे. १९८९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने गरीब कॅन्सर रुग्णांच्या जाहीर सुनावण्या घेतल्या. त्या वेळी सोसायटीचं नेतृत्व करणारे सर्जन हॅरोल्ड फ्रीमन यांनी १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम हॉस्पिटलमध्ये नॅव्हिगेशनचा पहिला कार्यक्रम उभा केला. स्तनात संशयास्पद काही आढळल्यावर बायोप्सी सांगितलेल्या स्त्रियांपैकी नॅव्हिगेटरची सोबत मिळालेल्या ८७.५ टक्के स्त्रियांनी ती करून घेतली. सोबत न मिळालेल्यांत हे प्रमाण ५६.६ टक्के होतं. त्याच हॉस्पिटलात स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण १९८६ पर्यंतच्या काळात ३९ टक्के होतं, ते १९९५ ते २००० या काळातल्या रुग्णांत ७० टक्क्यांवर गेलं. याचं सगळं श्रेय नॅव्हिगेशनला देणं बरोबर नाही. मोफत किंवा स्वस्त मॅमोग्राफीही त्याच प्रयत्नांचा भाग होती. पण फ्रीमन यांनी आकडे ठेवले नसते, तर "बायकांना फार आधार वाटतो" एवढंच हाती राहिलं असतं, आणि तेवढ्यावर कुठलीही संस्था कायमची नेमणूक करत नाही.

पुढचा धडा त्याहून मोलाचा आहे. अमेरिकेच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटने २००५ पासून अनेक केंद्रांत नॅव्हिगेशनचा अभ्यास करवला. सगळ्या केंद्रांचे आकडे एकत्र केले तेव्हा दिसलं की संशय आल्यापासून पहिल्या ९० दिवसांत, नॅव्हिगेटर असो वा नसो, निदान पक्कं होण्यात फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो ९० दिवस उलटून गेलेल्यांत. कारण उघड आहे. ज्यांना अडचण नाही त्यांचं काम कसंही होतं. मागे राहतात ते मुलांना कुठे ठेवायचं, रजा कशी मिळवायची, गाडीभाडं कुठून आणायचं या फेऱ्यात अडकलेले, आणि नॅव्हिगेटरचं काम त्यांच्यातच दिसतं. ज्या हॉस्पिटलने फक्त पहिल्या तीन महिन्यांचा हिशोब मांडला असता, त्याने "उपयोग नाही" म्हणून हे पद रद्द केलं असतं. एका केंद्राच्या थोड्या आकड्यांत अशी गोष्ट सहसा स्पष्ट होत नाही. ती दिसण्यासाठी बऱ्याच केंद्रांनी एकच व्याख्या वापरून मोजावं लागतं, आणि ते घडवून आणणं हे नेटवर्कचं काम आहे.

व्यवसाय म्हणून मान्यता मिळण्याचा रस्ताही तिथूनच गेला. ऑन्कॉलॉजी नर्स आणि पेशंट नॅव्हिगेटरांची अमेरिकन अकादमी २००९ मध्ये स्थापन झाली, २०१७ मध्ये तिने कामाचे ३५ मापदंड ठरवले, आणि २०२२ मध्ये अनेक संघटनांनी मिळून कामाच्या दर्जाचे समान निकष जाहीर केले. १ जानेवारी २०२४ पासून तिथल्या मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्य विमा योजनेने) गंभीर आजारातल्या नॅव्हिगेशनसाठी स्वतंत्र पैसे द्यायला सुरुवात केली. महिन्यातली पहिली ६० मिनिटं एका दराने, पुढचा प्रत्येक ३० मिनिटांचा टप्पा वेगळ्या दराने. पैसे देणाऱ्याला "मदत" विकत घेता येत नाही. कामाला नाव, सुरुवात, शेवट आणि मिनिटं असली तरच त्याचं बिल होतं. फ्रीमन यांच्या तत्त्वांतही हे आहे की नॅव्हिगेशन कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे आधी ठरलेलं असावं. मुंबईच्या टाटा मेमोरियल सेंटरने या कामाच्या प्रशिक्षणाला 'केवट' हे नाव दिलं, ते अगदी चपखल आहे. नावाड्याला दोन्ही काठ ठाऊक असावे लागतात.

आता नेटवर्कमध्ये जायचं तर काय घेऊन जायचं? पहिल्या बैठकीच्या आधी ३० दिवस एक साधी नोंद ठेवा. एका पेशंटला एक ओळ. रकाने असे: संशय आल्याची तारीख, बायोप्सीची तारीख, अंतिम रिपोर्टची तारीख, उपचार सुरू झाल्याची तारीख, मुख्य अडथळा, त्यावर काय केलं, किती मिनिटं लागली, अडथळा सुटला का. नाव लिहायचं नाही, फक्त अनुक्रमांक. महिन्याला चाळीस ओळी झाल्या तरी भरपूर आहेत.

ही नोंद बिघडते ती ठरावीक ठिकाणी. अडथळ्यांची यादी आधी ठरवली नाही तर निम्म्या ओळींवर "इतर" येतं आणि त्यातून काही निघत नाही. दहा-बारा नावं पुरतात: पैसे, प्रवास, राहण्याची सोय, घरची जबाबदारी, रजा, भाषा, भीती किंवा नकार, रिपोर्ट रखडला, अपॉइंटमेंट रखडली, कागदपत्रं अपुरी, दुसरा आजार. दुसरी चूक तारखेची. "अंतिम रिपोर्ट" कोणता? स्तनाच्या कॅन्सरमध्ये बायोप्सी आली, हर-टूची (कोणतं औषध लागू पडेल हे ठरवणाऱ्या प्रथिनाची) तपासणी '२+' आली. हा निकाल अधांतरी असतो. फिश नावाची पुढची तपासणी केल्याशिवाय औषधाचा निर्णय होत नाही. एका केंद्राने पहिल्या कागदाची तारीख धरली आणि दुसऱ्याने फिशच्या कागदाची, तर दोघांच्या आकड्यांची तुलना व्यर्थ आहे. तिसरी चूक सगळ्यांत जास्त आढळते आणि सगळ्यांत जास्त नुकसान करते: फोन मोजणं. "या महिन्यात ३१० फोन केले" हा कष्टाचा पुरावा झाला, कामाचा नव्हे. एका पेशंटला अकरा फोन करावे लागले याचा अर्थ बहुधा असा की दहाव्या फोनपर्यंत खरा अडथळा सापडलाच नव्हता. चौथी चूक छेदाची. किती पेशंट सुटले हे सांगताना एकूण किती आले होते हे सांगितलंच जात नाही, आणि मधेच यायचे थांबले ते यादीतून हळूच गळतात. "उपचार सोडला" कधी म्हणायचं, ठरलेल्या तारखेनंतर किती दिवसांनी, हे नेटवर्कने एकदा बसून ठरवावं आणि मग कोणी त्यात आपल्या सोयीने बदल करू नये.

कुठल्या मोजपट्टीवर मोजायचं हा प्रश्न असेल तर तयार मोजपट्ट्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने स्तनाच्या कॅन्सरसाठी तीन लक्ष्यं ठेवली आहेत: पसरणाऱ्या कॅन्सरपैकी ६० टक्क्यांहून जास्त पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातच सापडावेत, पेशंट पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान पूर्ण व्हावं, आणि ८० टक्क्यांहून जास्त जणांचे उपचार मधे न सुटता पूर्ण व्हावेत. यातली दुसरी आणि तिसरी गोष्ट तर थेट नॅव्हिगेटरच्या टेबलावरची आहे. उशिराची किंमतही माहीत आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, ऑपरेशनला होणाऱ्या प्रत्येक चार आठवड्यांच्या उशिरामागे मृत्यूचा धोका ६ ते ८ टक्क्यांनी वाढलेला आढळला. हा आकडा वाचल्यावर रखडलेल्या फाइलकडे निव्वळ कागद म्हणून बघता येत नाही.

संस्थांचा आक्षेप ठरलेला असतो: पेशंट बाहेर बसलेत आणि ही बैठकीला कशी जाणार? आक्षेप खोटा नाही. पण तास मोजून मागणी केली तर तो टिकत नाही. महिन्याला दोन तास पुरेत. एक तास प्रकरणांच्या चर्चेला, अर्धा तास नोंदी भरून पाठवायला, अर्धा तास तिथून आणलेली गोष्ट आपल्या ओपीडीत लावून बघायला. हे दोन तास ड्युटीच्या तक्त्यावर लिहिलेले असावेत आणि त्या वेळी टेबल कोण सांभाळेल त्याचं नावही. तक्त्यावर नाही ते होत नाही. वरिष्ठांकडे जाताना "शिकायला मिळेल" असं सांगू नका. आपल्याच नोंदीतली एक ओळ दाखवा. साखर २०० च्या वर निघाली म्हणून पेटस्कॅन न करता परत पाठवलेले पेशंट महिन्यात किती, त्यांची नवी तारीख किती दिवसांनी मिळाली, आणि मधुमेहींना आदल्या दिवशी फोन करून साखर विचारणाऱ्या केंद्रात हाच आकडा किती. हे शेवटचं उत्तर फक्त नेटवर्कमधूनच मिळू शकतं, आणि ते ऐकल्यावर दोन तास जड वाटत नाहीत.

प्रकरणांची चर्चा हा नेटवर्कचा गाभा आहे आणि तीच सर्वांत आधी घसरते. पन्नास जण ऑनलाइन, कॅमेरे बंद, एक तज्ज्ञ बोलतोय, याला चर्चा म्हणत नाहीत. आठ ते बारा जणांचा गट असावा. तासात तीन प्रकरणं, त्याहून जास्त नाहीत. मांडणाऱ्याने पाच मिनिटांत सांगायचं: पेशंट कुठे अडला, कोणत्या दिवशी, काय करून पाहिलं, आणि गटाला विचारायचा नेमका प्रश्न कोणता. "काय करू?" हा प्रश्न चालत नाही. "दुसऱ्या हॉस्पिटलकडून पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) मिळायला वीस दिवस झाले, तिथे कोणाच्या सहीने ब्लॉक सुटतो?" हा प्रश्न चालतो, कारण त्याचं उत्तर गटातल्या कोणाकडे तरी असतं. पुढच्या महिन्यात पहिली पाच मिनिटं मागच्या प्रकरणांचं काय झालं याला द्यायची. हे केलं नाही तर सल्ले हवेत राहतात आणि कोणता सल्ला चालला हे कोणालाच कळत नाही.

इथेच गुप्ततेचा प्रश्न येतो, आणि त्यात सवलत देऊ नये. मेसेजिंग ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकणं ही रोजची सवय झाली आहे. नाव झाकलं तरी कागदाच्या कोपऱ्यात केस नंबर असतो, बारकोड असतो. आणि नाव नसलं तरी ओळख लपतेच असं नाही. वय, गाव, दुर्मिळ प्रकारचा कॅन्सर आणि "मागच्या आठवड्यात ऑपरेशन झालं" एवढं सांगितलं की त्या गावच्या माणसाला पेशंट ओळखू येतो. म्हणून वय दहा-दहा वर्षांच्या गटात, गावाऐवजी "चार तासांचा प्रवास", तारखेऐवजी "दिवस २५". प्रश्न सोडवायला याहून जास्त लागत नाही. एखाद्याचा उपचार तातडीने दुसरीकडे हलवायचा असेल आणि नाव सांगावंच लागणार असेल, तर पेशंटची परवानगी घेऊन थेट त्या एका व्यक्तीला फोन करावा.

सदस्य कोण, यावरून बहुतेक नेटवर्कमध्ये कुरबुर होते. नर्सना वाटतं वैद्यकीय ज्ञान नसलेल्यांनी मधे पडू नये, समाजसेवा विभागाला वाटतं हे काम आपलंच आहे, आणि स्वतः आजारातून गेलेले किंवा वस्तीतून आलेले नॅव्हिगेटर मागच्या रांगेत गप्प बसतात. आमच्या मते मतदानाचा हक्क तिघांना सारखाच हवा आणि कामाच्या सीमा तिघांच्या वेगळ्या हव्यात. केमो चालू असलेल्या पेशंटच्या घरून रात्री फोन येतो की ताप १००.५ आहे. नर्स नॅव्हिगेटर शेवटची केमो कधी झाली, थंडी वाजते का, शुद्ध कशी आहे हे विचारून पुढे कळवू शकते. वस्तीतल्या नॅव्हिगेटरने यातलं काही ठरवायचं नाही. गोळी सुचवायची नाही, "सकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही. पांढऱ्या पेशी कमी असताना १००.४ च्या पुढचा ताप ही तातडीची गोष्ट आहे, पेशंटला थेट तातडीच्या विभागात न्यायचं, आणि गाडीची सोय मात्र तिनेच करायची. गाडी कोणाकडे आहे आणि रात्री कोण दार उघडतं हे तिलाच माहीत असतं. सीमा लिहून ठेवल्या की मान-अपमान कमी होतात. नुसतं "सगळे समान" म्हणून ठेवलं तर चूक कधी ना कधी होतेच, आणि ती सर्वांत कमी पगाराच्या माणसावर ढकलली जाते.

पैशाबद्दल थोडक्यात. औषध कंपन्यांना अशा मेळाव्यांचा खर्च उचलण्यात रस असतो, कारण पेशंट कोणत्या दारात जाणार यावर नॅव्हिगेटरचा प्रभाव असतो. पैसे घ्यायचेच असतील तर विषय, वक्ते आणि सदस्यांची यादी यांपैकी काहीही देणाऱ्याच्या हाती जाता कामा नये, आणि कोणी किती दिले हे सगळ्या सदस्यांना माहीत असावं. सदस्यांची छोटी वर्गणी आणि हॉस्पिटलांची वार्षिक वर्गणी यांवर चालणारं साधं नेटवर्क आम्हाला जास्त विश्वासाचं वाटतं.

नेटवर्कची सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू म्हणजे मदतीची सूची: कोण राहायची सोय करतं, कोण प्रवासाचे पैसे देतं, विग आणि कृत्रिम स्तन कुठे मिळतात, वीर्य जतन करण्याची सोय कुठे आहे. तरुण पुरुषाला केमोच्या आधी हे सांगायचं राहून गेलं तर ते नुकसान बहुधा भरून निघत नाही. सूची बनवायला उत्साह असतो, जपायला कोणी नसतं. सहा महिन्यांत नंबर बदलतात, योजना बंद पडतात, आणि थकलेला नातेवाईक बंद दारावरून परत येतो. प्रत्येक नोंदीपुढे दोन गोष्टी असाव्यात: शेवटचं कधी तपासलं, आणि कोणी. ९० दिवस उलटले की नोंद आपोआप "न तपासलेली" ठरावी. दहा सदस्यांनी पंधरा-पंधरा नोंदी वाटून घेतल्या तर तीन महिन्यांतून एक दुपार पुरते. नव्या सदस्याला पहिलं काम हेच द्यावं. पंधरा फोन केले की कोण कसं बोलतं, कागद कोणते मागतं, नकार कसा देतं हे सगळं तिला कळतं.

नेटवर्कचं खरं काम दिसतं ते पेशंट एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात जाताना. ऑपरेशन एकीकडे, रेडिएशन घराजवळ दुसरीकडे, ३० सिटिंगं. चिठ्ठी दिली, फाइलची झेरॉक्स दिली, "तिथे जाऊन भेटा" सांगितलं, याला सोपवणं म्हणत नाहीत. सोपवताना सहा गोष्टी जाव्यात: निदान आणि टप्पा, झालेले उपचार तारखांसह, पुढचा उपचार कोणत्या तारखेपर्यंत सुरू व्हायलाच हवा, रिपोर्ट-स्लाइड-ब्लॉक कुठे आहेत, माहीत असलेला मोठा अडथळा, आणि घरातलं कोण फोन उचलतं. मग पलीकडच्या नॅव्हिगेटरने दोनदा उत्तर द्यायचं. एकदा कागद मिळाल्यावर, आणि दुसऱ्यांदा पेशंट प्रत्यक्ष समोर येऊन बसल्यावर. हे दुसरं उत्तर येईपर्यंत पेशंट पाठवणाऱ्याच्याच यादीत राहतो, आणि ठरलेल्या तारखेला उत्तर आलं नाही तर त्याच दिवशी दुपारी फोन पाठवणाऱ्यानेच करायचा.